पाच गेले, चार परतले, आणि चिंगलान?

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट. नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं, बघितलेला असतो फार थोड्या जणींनी. आमच्या इच्छापुरातल्या महिला मंडळात महिन्यातून एकदा जुना सिनेमा लावतात. दुपारी दोनला जमायचं, पाचच्या आत उठायचं, म्हणजे घरी जाऊन दिवस मावळायच्या आधी सगळ्यांची जेवणं उरकता येतात. एरवी सिनेमा संपला की ‘छान होता गं’ म्हणून पदर सावरत सगळ्या उठतात. हा सिनेमा संपला तेव्हा मात्र कुणी उठेचना. युद्धाचा सिनेमा, त्यात प्रेमकथा, आणि नायक सोलापूरचा आपला मराठी माणूस! जितक्या जणी तितकी मतं पडली, काही तर एकमेकींच्या अगदी उलट. ती मतं, आणि मला स्वतःला काय वाटतं ते, इथे मांडते आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी खरी हकिगत थोडक्यात. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे सोलापूरचे, जन्म १९१० चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली. तिथल्या सेनापतींनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक बोटीनं निघालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. यथावकाश चौघे परत आले. कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमीसुद्धा त्यांना तिकडेच कळली, तरी ते काम सोडून आले नाहीत. चिनी भाषा शिकले, डोंगराळ मुलखात आघाडीच्या मागे राहून जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे एक सर्जन त्यांच्या आधी तिथे काम करता करता वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस प्रमुख झाले. १९४१ मध्ये तिथेच त्यांनी ग्वो चिंगलान या मुलीशी लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं होतं तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ ला, डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस.

चार वर्षांत यावर सिनेमा आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या डॉक्टरांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं, त्यावरून पटकथा झाली. दिग्दर्शक शांताराम, डॉक्टरांच्या भूमिकेतही स्वतः शांतारामच. चिंगलानच्या भूमिकेत जयश्री, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या पत्नी. संगीत वसंत देसाईंचं. परदेशासाठी इंग्रजी आवृत्तीही काढली होती आणि १९४७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमा दाखवला गेला. शांतारामबापूंचे वडील जैन होते, हे एकीनं सांगितलं तेव्हा मंडळात जरा कौतुकाची कुजबुज झाली. झाली तर झाली. आपल्या माणसाचा आहे म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही, आणि आपला आहे म्हणून त्याच्याबद्दल खरं बोलू नये असंही नाही.

आता मतं.

पहिलं मत एका आत्याबाईंचं. त्यांचा मंडळात मान मोठा. त्या म्हणाल्या, “सगळं चांगलं होतं, पण ते प्रेमप्रकरण कशाला घातलं? माणूस सेवेला गेला. रोज माणसं मरताहेत, आणि ह्यांचं आपलं गाणं चाललंय. त्यानं सेवेची किंमत कमी होते.”

दुसरं मत बरोबर उलटं. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, “प्रेमच काढून टाकलं तर राहतं काय? औषधं आणि बॉम्ब. दोन तास कोण बसेल?”

तिसरं मत शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. त्यांना प्रेमाचं काही नव्हतं, खोटेपणाचा राग होता. सिनेमात डॉक्टर प्लेगवर औषध शोधतात, जपान्यांच्या तावडीत सापडून सुटतात, आणि शेवटी प्लेगनंच जातात. खरे कोटणीस प्लेगनं गेले नाहीत. बाई म्हणाल्या, “खऱ्या माणसाचं नाव लावायचं आणि मरण मात्र आपल्या मनानं लिहायचं, हे कुठलं?”

चौथं मत एका आजींचं. १९६२ चं चीनचं युद्ध त्यांना लख्ख आठवतं. जवानांसाठी स्वेटर विणले होते त्यांनी. त्या म्हणाल्या, “आपला पोरगा त्यांच्यासाठी गेला, आणि वीस वर्षांत तेच आपल्यावर चालून आले. मला नाही बाई रडू आलं.”

पाचवं मत कॉलेजात शिकलेल्या एका नव्या सुनेचं. तिला जयश्रीबाईंचा मेकअप बघवला नाही. डोळे बारीक केलेले, बोलणं अडखळत्या हिंदीतलं. “चीनमधली बाई दाखवायची तर निदान तिची चेष्टा तरी वाटू नये,” असं तिचं म्हणणं.

आणि बाकीच्या सगळ्या नुसत्या रडत होत्या. शेवट पाहून. तो शेवट असा: मरणाच्या दारातल्या डॉक्टरांचा आवाज ऐकू येतो आणि पडद्यावर चिंगलान बाळाला घेऊन सोलापूरला, सासरच्या घरी येते. तिथे रडत नाही ती बाईच नाही.

एकेका मताचा विचार करू.

आत्याबाईंचं मत मला अर्धं पटतं. गाणी, लाजणं, रुसणं, हे त्या काळच्या नायिकेचं सगळं सामान चिंगलानच्या अंगावर चढवलंय, ते आज जड वाटतं. पण प्रेमानं सेवेची किंमत कमी होते, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या युद्धातल्या प्रेमकथा आठवून बघा. ‘उसने कहा था’ आठवा, ‘हम दोनों’ आठवा. पुरुष आघाडीवर आणि बाई घरी, वाट बघत. अगदी परवापरवाचा ‘सीता रामम्’ घ्या, २०२२ चा. त्यातली मृणाल ठाकूर आपल्या खानदेशची, धुळ्याची, म्हणून आमच्याकडे घरोघरी बघितला गेला. त्यातही तो सीमेवर, आणि ती पत्रांची वाट बघणारी. बाईचं युद्धातलं काम म्हणजे वाट बघणं, हे इतकं ठरून गेलंय की आपल्याला त्याचं काही वाटतसुद्धा नाही.

‘कोटनीस’मध्ये तसं नाही. ही बाई आघाडीच्या मागच्याच इस्पितळात आहे. तिच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये पत्र नाही, काम आहे. दोघं एकाच जखमी माणसाकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. हे मला फार खरं वाटलं. आपल्या शास्त्रात वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची, थकलेल्याची सेवा, हे अंतरंग तपांमध्ये मोजलं आहे. त्या तपात सोबत असलेल्या माणसाबद्दल जीव लागला तर तप मोडत नाही. घरात सासऱ्यांचं दुखणं काढताना नवऱ्याशी नव्यानं ओळख झाली, असं सांगणाऱ्या दोघीतिघी तरी मला माहीत आहेत. कामात झालेली ओळख हनीमूनच्या ओळखीपेक्षा पक्की असते. म्हणून वहिनींचंही मला पूर्ण पटत नाही. प्रेम हे काही ‘बसवत नाही म्हणून’ घातलेलं मीठमसाला नव्हे. या गोष्टीत ते सेवेच्या पोटातूनच आलेलं आहे. सिनेमा जिथे हे विसरतो आणि गाण्याकडे वळतो, तिथेच तो पातळ होतो.

तिसरं मत, मरणाचं. इथे मी पूर्णपणे बाईंच्या बाजूनं आहे, आणि त्यात माझी थोडी भर आहे. कोटणीस गेले ते फेफऱ्याच्या झटक्यांनी. एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास ऑपरेशनं केली असं सांगतात. थंडी, अपुरं अन्न, झोप नाही, वर्षानुवर्षांची दगदग. झटके यायचे, सावरायचे, आणि परत काम. सिनेमानं ते काढून प्लेग आणला. प्लेगमध्ये नाट्य आहे. शोध आहे, धोका आहे, बलिदान आहे. फेफऱ्यात यातलं काही नाही. पण जरा विचार करा. आपल्या घरांमधून फेफरं हा शब्द अजूनही दार लावून बोलतात. मुलगी दाखवताना तर नावच काढत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतात आणि त्या डब्याच्या तळाशी लपवलेल्या असतात. अशा वेळी हा दुखण्याचा खरा तपशील पडद्यावर आला असता तर? ज्याला झटके येतात तो माणूस परमुलखात शेकडो लोकांचे प्राण वाचवतो, लग्न करतो, बाप होतो, इस्पितळ चालवतो. एवढं एक खरं दाखवलं असतं तर कितीतरी घरांमधली भीती कमी झाली असती. १९४६ मध्ये तसं का केलं नाही, त्याची कारणं त्यांची त्यांना ठाऊक. पण मोठेपणा दाखवायला मरण बदलावं लागलं, म्हणजे मोठेपणा कुठे आहे हे नीट दिसलं नव्हतं, असं मला वाटतं. तो रोजच्या कामात होता. रोजचं काम पडद्यावर दाखवणं अवघड, हे मान्य. आपण बायकांनी तर ते मान्य करायलाच हवं, कारण आपलंही रोजचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आजींचं मत ऐकून मी गप्प बसले. स्वेटर विणलेल्या हातांशी वाद घालायचा नसतो. एवढंच म्हणते, की १९४६ च्या सिनेमाला १९६२ चा जाब विचारता येत नाही. आणि माणसानं माणसाच्या जखमेवर बांधलेली पट्टी सरकारांच्या हिशेबात धरायची नसते. ज्या सैनिकाचा पाय वाचला त्याला कुठे माहीत होतं पुढे कोण कुणावर चालून जाणार! तिकडेही कोटणीसांना कुणी विसरलं नाही. चीनमध्ये त्यांची समाधी आहे, आणि तिकडचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत आले आहेत. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय. दोन्हीकडची भांडणं चालू असताना हा एक धागा तुटलेला नाही, एवढं तरी आजींनी मनात ठेवावं.

नव्या सुनेचं मेकअपचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते ‘तेव्हा तसंच असायचं’ म्हणून सोडून देऊ नये. पण मला वाटतं, खरी गडबड डोळ्यांच्या रंगरंगोटीत नाही, तिच्या पुढच्या आयुष्यात आहे. जिथे सगळ्या रडल्या, तिथेच.

अब्बास यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा, की ‘आणि एक जण परत आला नाही’. नाव सुंदर आहे, पण ते कुणाच्या अंगणातून बघितलं आहे? आपल्या. सोलापूरच्या उंबऱ्यावर उभं राहून बघितलं, तर एक जण परत आला नाही. चिंगलानच्या अंगणातून बघितलं, तर पाच जण आले आणि एक जण राहिला. आपल्याजवळ राहिला. गोष्ट तीच, पण दोन घरांतून दोन प्रकारे दिसते. सिनेमा फक्त आपल्या घरातून बघतो. म्हणून त्याला शेवट करायला कुणीतरी ‘परत’ यावं लागतं. डॉक्टर येऊ शकत नाहीत. मग चिंगलानला आणतात. जिनं कधी सोलापूर बघितलेलंच नाही तिला सोलापूरला ‘परत’ आणतात. तिचं माहेर, तिचा देश, तिचं इस्पितळ, तिथे अजून चाललेलं युद्ध, सगळं मागे पडतं. ती येते ती आपली सून होऊन, नातू कडेवर घेऊन. आणि आपण रडतो, कारण आपल्याला जे हवं होतं ते मिळालं.

खरी चिंगलान अशी आली नाही. ती पेकिंगला नर्सिंग शिकलेली होती आणि इस्पितळात नर्सिंग शिकवत होती. म्हणजे कोटणीस भेटायच्या आधीच ती आघाडीच्या मुलखात कामाला आलेली होती, कुणाच्या मागोमाग नव्हे. बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला दोघांची पहिली भेट झाली. नवरा गेला तेव्हा ती तरुण होती, पदरात तान्हं मूल होतं, आणि युद्ध संपायला अजून तीन वर्षं होती. ती तिथेच राहिली आणि काम करत राहिली. पुढे मुलगा डॉक्टरकीच शिकू लागला आणि १९६७ मध्ये, शिक्षण पुरं व्हायच्या आत, तोही गेला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. एवढं सोसून ती बाई जगली. भारतात ती अनेकदा आली, कोटणीसांच्या माणसांना भेटली, नातं ठेवलं, आणि दर वेळी आपल्या घरी परत गेली. २०१२ मध्ये ती वारली तेव्हा शहाण्णव वर्षांची होती. म्हणजे नवऱ्याच्या मागे जवळजवळ सत्तर वर्षं. अमर कहानी एका वर्षाच्या संसाराची, आणि ही सत्तर वर्षं कुणाची?

असं व्हायला सिनेमाच लागतो असंही नाही. आमच्या बऱ्हाणपूरलाच बघा. ताजमहालाची गोष्ट सगळ्या जगाला पाठ, पण मुमताज गेली ती आमच्याकडे, तापीच्या काठी, १६३१ च्या जूनमध्ये. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर आलेला आणि ती त्याच्याबरोबर. चौदावं बाळंतपण. आधी तिला इथेच, नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं, आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ही पण युद्धातलीच प्रेमकथा. बाहेरून पाहुणे आले की आपण त्यांना किल्ल्यातला हमाम दाखवतो आणि ‘केवढं प्रेम!’ म्हणतो. मोहिमेच्या मुक्कामात, ऐन उन्हाळ्यात, चौदाव्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला काय वाटत असेल, हे विचारलं तर म्हणतात, काहीतरीच काय विचारता! प्रेमकथा सांगणाऱ्याच्या सोयीनं सांगितली जाते. बाई त्यात मरते तरी, नाहीतर दारात येऊन उभी राहते. मधलं तिचं असं काही उरत नाही.

आपल्या परंपरेत एक गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आपण प्रत्येकीनं लहानपणापासून गायली आहे. राजुलची. नेमिकुमार वरात घेऊन येतात, कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकतात आणि मांडवाच्या दारातून मागे फिरतात. करुणेसाठी एका मुलीचं लग्न मोडतं. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी सिनेमा बघताना हळूच म्हटलंही, “ही चीनची राजुलच आहे.” मला ते आवडलं, पण पुढं न्यायला हवं. राजुलची गोष्ट रडणाऱ्या नवरीपाशी संपत नाही. सासरच्या उंबऱ्यावरही संपत नाही. ती गिरनार चढते, दीक्षा घेते, स्वतःचा मार्ग स्वतः चालते. तो मार्ग आणि चिंगलानचा मार्ग वेगळे, एक मोक्षाचा आणि दुसरा इस्पितळाचा. पण गोष्ट सांगणाऱ्यानं बाईला तिच्या स्वतःच्या पायांवर शेवटपर्यंत चालू द्यावं, एवढं तरी आपल्या जुन्या लोकांना कळत होतं. १९४६ च्या हुशार लोकांना ते का सुचलं नसेल?

याचं उत्तर मला त्याच दुपारी मिळालं, आणि ते सिनेमातून नाही मिळालं. सगळ्या डोळे पुसत होत्या. ‘काय ती सासू, परदेशातल्या सुनेला कशी जवळ केली!’ असं चाललं होतं. आमच्यात एक बाई आहेत, फार बोलत नाहीत. त्यांच्या मुलानं समाजाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, त्याला आता सहा-सात वर्षं होतील. त्या शांतपणे म्हणाल्या, “पडद्यावरच्या सासूला हात जोडता. माझ्या सुनेला अजून तुम्ही नावानं हाक मारत नाही. ‘ती तुमची’ म्हणता.”

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. आपण पडद्यावरच्या सुनेसाठी रडू शकतो आणि गल्लीतल्या सुनेला नाव देऊ शकत नाही, हे ढोंग आहे असं मला वाटत नाही. रडणं खरंच होतं. पण सिनेमानं आपलं काम फार सोपं करून दिलं होतं. ही सून एकटी येते. तिचं माहेर बरोबर येत नाही. तिचं स्वयंपाकघर, तिचे देव, तिची भाषा येत नाही. ती आपलीच भाषा बोलते. नवरा नाही, म्हणजे ती मुलाला आपल्यापासून तोडेल ही धास्ती नाही. कडेवर आपल्या वंशाचा दिवा आहे. आणि ती कायमची राहायला येते. इतक्या अटी पुऱ्या झाल्यावर कोण दार उघडणार नाही? खऱ्या सुना अशा नसतात. त्या आपलं माहेर घेऊन येतात, आपली नोकरी घेऊन येतात, कांदा-लसूण सोडतात किंवा सोडत नाहीत, कधी येतात आणि कधी आपल्या घरी परत जातात. खऱ्या चिंगलानसारख्या. ती कोटणीसांच्या माणसांना आपली मानत होती आणि तरीही राहिली आपल्या देशात. तिला जवळ करणं सिनेमातल्या सासूपेक्षा अवघड होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुक मला पडद्यावरच्या सासूपेक्षा जास्त वाटतं.

मग सिनेमा वाईट आहे का? मुळीच नाही. देश स्वतंत्र व्हायच्या आधी, दुसऱ्या महायुद्धाची राख अजून गरम असताना, एका मराठी डॉक्टरची गोष्ट सांगायची, त्यात मारणारा नाही तर बरा करणारा माणूस नायक करायचा, आणि चीनच्या मुलीला भारतातल्या घराची सून म्हणून प्रेक्षकांच्या समोर उभी करायची, हे धाडस लहान नव्हतं. तेव्हाच्या किती घरांना ते पचलं असेल? आज आपल्याला शेवट अपुरा वाटतो, कारण तेव्हा कुणीतरी तेवढं दार किलकिलं केलं होतं. बंदुकीशिवाय नायक उभा राहू शकतो, हे आपल्या अहिंसा मानणाऱ्या घरांमधून मुलांना दाखवावं असा हा सिनेमा आहे. आजकाल युद्धाचे सिनेमे बघून मुलं आरोळ्या ठोकत बाहेर येतात, त्यांना एकदा हा दाखवून बघा.

मतभेद आमच्यात अजून मिटलेले नाहीत, आणि मिटावेत असं मला वाटतही नाही. आत्याबाईंना प्रेम नकोच आहे, आजींना चीन नको आहे, बाईंना प्लेग नको आहे. प्रत्येकीच्या म्हणण्यात तिचं स्वतःचं आयुष्य आहे, म्हणून प्रत्येक मत ऐकण्यासारखं आहे. माझं म्हणणं त्यात एवढंच घाला: या सिनेमात उणीव आहे ती प्रेम जास्त झाल्याची नाही. प्रेम पुरेसं लांब न्यायचं राहिलं, ही आहे. ते नवऱ्याच्या मरणापाशी आणि सासरच्या दारापाशी थांबलं.

तेव्हा बघा जरूर. शेवटाला रडू आलं तर खुशाल रडा, मीही रडले. पण नंतर घरातल्या लेकीसुनांना बसवून खऱ्या चिंगलानची पुढची सत्तर वर्षं सांगा. आणि शेजारच्या घरात कुणी सून ‘ती’ म्हणून राहत असेल, तर तिचं नाव विचारून घ्या.